उणिवांचा रकाना

“सर, शिफारसपत्रातल्या ‘उणिवा’ या रकान्यात कुणी काही लिहितं का हो?”

हरिहर गोगट्यांनी चहाचा कप पुढे सरकवला. समोर त्यांचा जुना विद्यार्थी सुधीर बसला होता. तरुण संशोधकांच्या पुरस्कार समितीत तो यंदा, एक्क्याण्णव साली, पहिल्यांदाच होता. निकाल सांगायला मुद्दाम नौपाड्यात सरांच्या घरी आला होता. सरांची आत्ताची विद्यार्थिनी सरस्वती, तिला पुरस्कार मिळाला नव्हता. मिळाला असता, तर तीन वर्षांची शिष्यवृत्ती मिळून खाडीवरचं तिचं काम चालू राहिलं असतं.

“रकाना होता, म्हणून भरला,” सर म्हणाले.

“बाकीच्यांनी ‘नाहीत’ लिहिलं. तुम्ही तीन पानं! नमुने एकाच काठाचे, पावसाळ्यातली मोजणी नाही, पाण्याचा खारेपणा नीट तपासलेला नाही... आणि ‘गुण’पुढे काय, तर ‘कष्टाळू’. एक शब्द! समितीला वाटलं, तुम्हालाच ती नको आहे.”

सरांनी चष्मा काढला. आपल्याच विद्यार्थिनीचं कौतुक म्हणजे स्वतःची पाठ थोपटणं, असं वाटून तिथे पेन अडलं होतं. उणिवा मात्र ते चार दिवस जीव ओतून लिहीत होते. ज्या विद्यार्थ्यात काही चमक दिसत नसे, त्याची वही ते नुसती सही करून परत देत. जिच्यात लाल शाई जास्त, ती वही सरांच्या लाडक्याची, हे कॉलेजात शिपायालासुद्धा माहीत होतं. समितीला कुठून माहीत असणार?

दार वाजलं. बाळकुमहून सरस्वती आली होती, सोबत तिची आई मनुबाई. दोघींनी दोन वर्षं खाडीच्या चिखलात गुडघाभर उतरून तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, मोजल्या होत्या.

“सर, सोमवारपासून डोंबिवलीला जातेय. रंगाच्या कंपनीत. लॅबमध्येच काम आहे.”

“आणि खाडी?”

“खाडी कुठे पळून जातेय, सर?” ती हसली. आई पिशवीत काहीतरी शोधत होती, तेवढ्यात सरस्वती हळूच म्हणाली, “पुरस्काराच्या मुलाखतीत समितीने तुमचेच तीन मुद्दे विचारले. मी म्हटलं, सरांचं बरोबर आहे.”

सुधीर खिडकीबाहेर बघू लागला.

मनुबाईला पिशवीत नारळ सापडला. “मास्तर, म्हावरा आनला असता, पन तुमचेकडं चालत नाय!” नारळ टेबलावर ठेवून तिने पदर सावरला. “पुरस्कार नशिबात नव्हता, नाय गावला. पन माझे पोरीसाठी तुमी तीन पानं लिवलीत. आमचेसाठी कोन लिवतंय येवडं?”

आणि ती त्यांच्या पायाशी वाकली.

सर घाईने उठून मागे सरकले. मागे भिंत होती.