उसने टायर

"झालं ना पासिंग? आता काढ माझे टायर," पाना पुढे करत इस्माईल म्हणाला.

मुरलीधरची पांढरी आलिशान गाडी वरातींना भाड्यानं जायची. दरवर्षी आरटीओच्या तपासणीपुरते तो टायरवाल्या इस्माईलचे नवे टायर चढवायचा, गाडी पास झाली की स्वतःचे गुळगुळीत झालेले परत बसवायचा.

आज नटाला पाना लावून तो थांबला. उद्या याच गाडीतून त्याची लेक सासरी जायला घाट उतरणार होती.

"उद्याचा दिवस राहू देत."

"राहू देत की. पोरगी माझीपण आहे. परवा काढू."

परवा त्याच घाटात दुसरी वरात होती. मुरलीधरनं भिंतीला टेकवलेल्या जुन्या टायरांकडे पाहिलं.

"तेव्हाही कुणाची तरी लेकच बसेल," तो म्हणाला. "हे भंगारात घाल. तुझ्या टायरांची किंमत सांग."

इस्माईलनं त्याच्या हातातला पाना घेऊन पिशवीत टाकला. "मग आज पास झाली म्हणायची गाडी."