न मोडलेला नियम

"मंदाबाई, बाबांनी उपाशीपोटी गोळी नाही ना घेतली?"

"नाई हो ताई. कालही नाई, आजही नाई."

इलाचा जीव भांड्यात पडला. आज तिची प्राध्यापकपदाची मुलाखत होती, पण घरातून निघण्याआधी पवनारला हा एक फोन झाल्याशिवाय तिचा पाय निघत नसे.

तिच्या वडिलांना, दत्तोपंतांना, हृदयाचा झटका येऊन गेल्यापासून रक्त पातळ ठेवणारी गोळी होती. उन्हाळ्यात त्यांनी ती सकाळी उठल्या उठल्या घशाखाली लोटली आणि रक्ताची उलटी केली. दवाखान्यातून सोडताना डॉक्टरांनी बजावलं, "गोळी जन्मभर. बंद केली तर दुसरा झटका ठरलेला. पण उपाशीपोटी कधीच नाही."

ती उलटी इलानं डोळ्यांनी पाहिली होती. धसकाच घेतला तिनं. दत्तोपंत वर्ध्याला यायला तयार नव्हते, म्हणून स्वयंपाकाला मंदाबाई ठेवल्या आणि रोज फोन सुरू केला.

मग तिनं फोन बाबांकडे द्यायला सांगितला.

"बाबा, खरं सांगा हं."

"त्या गोळीनं असा धडा दिलाय इला, उपाशीपोटी तिचं नावसुद्धा काढणार नाही. तू जा. मुलाखत दणकून दे."

दत्तोपंतांनी जन्मभर गणित शिकवलेलं. थाप मारणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. सासुरवाडीच्या पहिल्या जेवणात भाजी खारट आहे असं तोंडावर सांगणारा माणूस तो. इला निर्धास्त झाली.

मुलाखतीला नागपूरहून लक्ष्मणराव नावाचे ज्येष्ठ प्राध्यापक आले होते. तिच्या शोधनिबंधांची चळत त्यांनी पुढे ओढली. ऑटोमाटा म्हणजे यंत्रांची गणिती रूपं, त्यांची पडताळणी, पुन्हा ऑटोमाटा.

"मॅडम, एवढ्या वर्षांच्या कामातलं एक काहीतरी आमच्या घरच्यांनाही कळेल असं सांगा पाहू."

इला हसली. हा प्रश्न तिच्या हातचा मळ होता.

"सर, रेल्वेचं फाटक घ्या. नियम असा, की गाडी येत असताना फाटक उघडायचं नाही. फाटक चालवणाऱ्या यंत्राच्या सगळ्या अवस्था आम्ही संगणकाला तपासायला देतो. तो सांगतो, नियम कधीच मोडत नाही. सगळे खूश. पेढे वाटायचेच बाकी. मी फक्त विचारलं, हे फाटक मुळात उघडतं तरी का?"

"मग?"

"उघडतच नव्हतं, सर. आराखड्यात चूक होती. बंद ते बंदच. नियम मोडायला जागाच नव्हती आणि आम्ही त्यालाच सुरक्षितता समजत होतो. अशी पोकळ खात्री पकडायची रीत मी शोधली. माझं बरंचसं काम तेच आहे."

लक्ष्मणराव दिलखुलास हसले. "भले भले फसत असतील यात."

"फसतात ना. उत्तर हवं तसं मिळालं की पुढचा प्रश्न कोण विचारतो?"

संध्याकाळी निवड झाल्याचं कळलं. इलाचे डोळे भरून आले. वर्षानुवर्षांचं ओझं उतरलं होतं. तिनं वर्ध्याच्या गोरसपाक बिस्किटांचा डबा घेतला आणि पवनारची बस पकडली.

दत्तोपंत ओसरीवरच वाट पाहत होते. बातमी ऐकून त्यांनी तिच्या पाठीवर थाप मारली, गोरसपाक तोंडात टाकला आणि, "शेजाऱ्यांना सांगून येतो," म्हणत चपला सरकवून फाटकाबाहेर पडलेसुद्धा. चेहऱ्यावर तेज होतं. पाहून इलाला बरं वाटलं, फार बरं वाटलं.

मंदाबाई पाणी घेऊन आल्या. इलानं त्यांचे दोन्ही हात धरले.

"मंदाबाई, तुमचे उपकार कसे फेडू? तुम्ही होतात म्हणून मी तिकडे बिनघोर राहिले. बाबांना एकदाही उपाशीपोटी गोळी घेऊ दिली नाहीत."

मंदाबाई संकोचून हसल्या.

"माह्ये कायचे उपकार, ताई? मले काईच करा लागलं नाई. दवाखान्यातून आल्यापासून त्याईनं गोळीच घेतली नाई."