दोन पेल्यांची रेघ

दुपारभर लिंबाच्या फोडी घासून कल्याणीने पाणी तापवायच्या पातेल्यातला क्षारांचा पांढरा थर काढला आणि पातेलं नव्यासारखं लख्ख केलं. आई गेल्यानंतर ती पहिल्यांदाच माहेरी राहायला आली होती. घराला जरा हात लावायचा, असं ठरवूनच आली होती.

या शहरातल्या नळाच्या जड पाण्याशी आई जन्मभर भांडली. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, केसांचा पार काथ्या झाला, असं रोज ऐकवायची. अण्णा पेपरातून मान वर न काढता म्हणायचे, "मग लग्नाआधी इथलं पाणी बघून जायचं होतंस." त्यावर ती हसायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांनी ते पातेलं हातात घेतलं, आत पाहिलं आणि नळापाशी तसेच उभे राहिले.

"काय झालं, अण्णा?"

"आत एक पांढरी रेघ होती. आम्ही दोघं सकाळी अनशापोटी गरम पाणी प्यायचो ना, त्या दोन पेल्यांची. तुझी आई होती तेव्हा काय नि आता काय, मी आपला रेघेपर्यंत पाणी भरतो."

कल्याणीच्या बोटांना अजून लिंबाचा वास येत होता.

"आपल्याच नळाचं पाणी आहे, अण्णा," ती कशीबशी म्हणाली. "महिन्याभरात परत येईल रेघ."

"येईल की." अण्णांनी नळ सोडला. "पण आता एका पेल्याची येईल."