आबांचं लाकूड

घरमालक असूनही भिकाजी आबा देवमाणूस होते. खंडाळ्यातल्या त्या पत्र्याच्या खोलीत जागा पुरेना, म्हणून समीक्षाच्या आजीचा पाळणा त्यांनी आपणहून स्वतःच्या पडवीत ठेवून घेतला.

डिसेंबरात फटीफटीतून वारा शिरू लागला. समीक्षाला सातवा महिना. आबा रोज संध्याकाळी लाकडाच्या चार ढलप्या घेऊन यायचे आणि तिच्या उंबऱ्याशी घमेल्यात शेकोटी पेटवून द्यायचे.

"बस पोरी, शेक. अशा दिसांत गारठा बरा न्हाई."

"आबा, भाडेकरूसाठी एवढं कोण करतं हो?" नवरा संदेश म्हणायचा.

"आमी करतो."

लाकूडही कसं, धूर नाही, तडतड नाही, शांतपणे जळणारं. समीक्षाने आईला फोनवर सांगितलं, "सख्खे आजोबा करणार नाहीत एवढं करतात गं."

फेब्रुवारीत मुलगी झाली. बारशाच्या आदल्या दिवशी संदेश पाळणा आणायला आबांच्या पडवीत गेला. पडवी रिकामी. आबा तंबाखू मळत बसले होते.



"त्यो पाळणा व्हय? आरं, दोन म्हैनं त्येच्यावरच तर शेकत हुतात की!"