क्रोमखालचं लोखंड

बोनिफासनं मोटरसायकलचे सुटे केलेले भाग दारात टाकले आणि एक रिम लिंगप्पाच्या टेबलावर आपटली.

"बोट फिरवून बघा. दोन वर्षंसुद्धा झाली नाहीत."

लिंगप्पानं बोट फिरवलं नाही. मलपे बंदराच्या रस्त्यावर तो तीस वर्षं क्रोम चढवत होता. क्रोम फुगून खालून गंज वर आला की कसा दिसतो, ते त्याला लांबूनच कळायचं.

"मागं माशांची टोपली बांधतोस. खारं पाणी गळतं. कधी धुतोस गाडी?"

"दहा वर्षं बघायला नको, म्हणाला होतात."

"धुतलीस तर."

"मग राहू द्या. समोर पावडर कोटिंग करून घेतो."

समोर, रस्त्यापलीकडे, पत्र्याची शेड होती. तिथं लोखंडावर रंगाची कोरडी पूड बसवून भट्टीत भाजत. शेड लिंगप्पाच्या मुलीची, वेदावतीची. ती बापाच्या क्रोमच्या टाक्या सोडून गेली, त्याला अडीच वर्षं झाली होती. तेव्हापासून दोघं बोलत नव्हते.

"घे की," लिंगप्पा म्हणाला. "काळी करून घे. गाडी सुतकात बसल्यासारखी दिसेल."

बोनिफासनं दोन्ही रिम, हँडल, मडगार्ड आणि सायलेन्सर कवेत घेतले आणि तो रस्ता ओलांडून गेला. पाच मिनिटांत तो सगळं घेऊन परत आला, तेव्हा मागं वेदावती होती. ती उंबऱ्याबाहेरच थांबली.

"ही म्हणते, क्रोमवर पूड धरत नाही," बोनिफास म्हणाला. "आधी क्रोम उतरवायला लागेल. हिच्याकडे टाकी नाही."

"मग म्हणावं, घे एक टाकी."

"त्यांना सांगा," वेदावती बोनिफासकडे बघत म्हणाली, "टाकी घेऊन नाकाला भोक पाडून घ्यायची मला हौस नाही."

क्रोमच्या वाफेनं लिंगप्पाच्या नाकातला पडदा कधीच खाल्ला होता. बंदरावर सगळ्यांना ते माहीत होतं; तोंडावर कुणी बोलत नसे. लिंगप्पानं मनगटानं नाक पुसलं.

"ह्याच वाफेवर हिचं कॉलेज झालं. तेही सांग तिला."

"मला मध्ये घालू नका," बोनिफास चिडला. "मी रोज बंदरावर जाणार. तिथं काय टिकेल, तेवढं बोला."

"माझी पूड टिकेल," वेदावती म्हणाली. "सायलेन्सर सोडून. तो तापतो, पूड जळते. आणि क्रोम नीट दिलेला असता, तर तोही टिकला असता."

"नीट म्हणजे?" लिंगप्पानं विचारलं. आपण थेट तिलाच विचारलं, हे त्याच्या ध्यानात आलं नाही.

"खाली पुरेसं निकेल असलेला."

"निकेल आहे!"

"मग उतरवा क्रोम. दिसेलच."

लिंगप्पानं हुकाला रिम अडकवली आणि अ‍ॅसिडच्या टाकीत सोडली. बुडबुडे उठले. क्रोम म्हणजे वरची नुसती चकाकी. गंज अडवायचा तो त्याच्या खालच्या पिवळसर निकेलनं. चांगल्या कामात क्रोम विरघळला की सगळी रिम एकसारखी पिवळसर दिसते. लिंगप्पानं हुक वर ओढला. रिमवर पिवळेपणा कुठंकुठं होता. बाकी सगळं काळपट, खड्डे पडलेलं लोखंड.

वेदावतीनं पाहिलं. तिनं बघितलंय, हे लिंगप्पानं पाहिलं.

"ते काळं कसलं?" बोनिफासनं वाकून विचारलं.

"मिठानं खाल्लंय," वेदावती म्हणाली. "निकेल पोखरून गेलं. बंदरावर होतंच असं. त्यांची चूक नाही."

बोनिफास वरमला. "मी उगाच आवाज चढवला. मनावर घेऊ नका, लिंगप्पण्णा."

लिंगप्पानं मुलीकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर दया नव्हती. दारातल्या भिकाऱ्याला लवकर कटवताना असतो तसा चेहरा होता. लिंगप्पाच्या कानशिलांत रक्त चढलं.

"मीठ नाही," तो म्हणाला.

"अप्पा, पुरे."

"मीठ नाही. निकेलच्या टाकीत चाळीस मिनिटं ठेवायचं असतं. मी दहा मिनिटांत बाहेर काढलं. गिऱ्हाईक हिच्याकडे वळायला लागलं होतं. भाव उतरवला आणि निकेल चोरलं. तुझ्या एकट्याचं नाही. त्या वर्षी आलेल्या सगळ्यांचं."

वाकलेला बोनिफास सरळ उभा राहिला. "मी मेव्हण्याची गाडी तुमच्याकडे पाठवली होती. आग्रह करून."

"त्यालाही सांग."

बोनिफास उंबऱ्यावर थुंकला. "हिच्याकडे देऊन टाका सगळं. आणि सायलेन्सर गंजून पडला तरी चालेल, तुमचा हात त्याला लावायचा नाही." सायलेन्सर काखेत मारून तो निघून गेला.

बापलेक दोघंच उरली.

"मी झाकलं होतं ना?" वेदावती म्हणाली. "कशाला उघड केलंत?"

"तुझ्या झाकणाखाली राहायचं नाही मला."

"मग मरा ह्या वाफेत."

"मरेन. बाजूला हो."

त्यानं रिम पाण्यात दोनदा बुचकळली, फडक्यानं पुसली आणि तिच्यासमोर धरली.

"उघडं लोखंड आहे. इथं भांडत उभी राहिलीस तर गंजेल."

तिनं रिम घेतली. रस्त्यावरून बर्फाचा ट्रक येत होता. तो जाईपर्यंत तिला कडेला थांबावं लागलं, आणि तेवढ्यातच स्पोकच्या भोकांभोवती तांबूस रंग धरायला लागला. तिनं तो ओढणीनं खसाखसा पुसला, आणि मागं न बघता ती पलीकडे धावली.