विलायती ठिणगी

नंदिगड्ड्याच्या चढणीवर मोटार तिसऱ्यांदा आचके देऊन थांबली, तसा लखूनं चाकामागं धोंडा सारला. मागच्या बाकावर त्याची लेक फुला आईच्या, देवकीच्या, मांडीवर डोकं टेकून पडली होती. पहिलटकरीण. कालपासून कळा येत होत्या, पण मूल आडवं. सुईणीनं हात टेकले, म्हणून रामनगरच्या लाकूडवाल्या शेटनं आपली मोटार आणि ड्रायव्हर यशवंत धाडला होता. बेळगावचा दवाखाना अजून कुठल्या कुठं.

"कालच नवे प्लग घातलेत!" यशवंत बॉनेट उघडून करवादला. "विलायती. सगळ्यांत भारी. असल्या प्लगावर गाडी भिंत चढंल, भिंत!"

चढली कसली डोंबलाची! त्यानं एक प्लग काढला, पुसला, इंजिनाला टेकवून धरला. लखूनं हँडल मारलं. निळी ठिणगी चट्कन उडाली.

"बघा! ह्यात काय खोट हाय?"

"ठिणगी हाय, मग पेटंना कशानं?" लखू धापा टाकत म्हणाला. "आमची चकमक असती तर म्या म्हटलं असतं, गारगोटी चांगली हाय, कापूस ओला हाय."

'ओला' ऐकताच बाकावरच्या देवकीनं पायाशी पडलेला रिकामा तांब्या पदराआड सारला.

मघापर्यंत फुला कण्हत तरी होती. आता गप पडली होती. देवकीनं हाक मारली, गाल थोपटले, ओ नाही. जीव नुसता टांगणीला. सांगावं, का तोंड मिटून बसावं? मोटार शेटची, चूक आपली. पण लेक? लाज गेली खड्ड्यात!

"यशवंता, सकाळी तू पेज पीत होतास, तवा म्या हिला तीर्थ पाजलं. उळवीच्या देवाचं."

"बरं केलंस की, मावशे."

"फुलाला न्हाई रे! मोटारीला. तू तेल ओततोस त्या तोंडात. लेकीला न्यायची हीच, म्हटलं सगळा तांब्या हिलाच पाजावा."

यशवंत आ वासून बघतच राहिला. ओठांवर आलेली शिवी फुलाकडं बघून त्यानं गिळली आणि सरपटत गाडीखाली शिरून टाकीच्या बुडाचा नळ सोडला. आधी पाणीच आलं, पेट्रोलचा वास मारणारं. तीर्थ मातीत जाताना देवकीला बघवेना. ती खाली उतरली आणि वाकून तिनं ओंजळ पुढं केली.

यशवंतनं नळ्या फुंकून साफ केल्या, प्लग परत बसवला. लखूनं हँडल मारलं. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा मोटार धडधडली आणि चढणीला लागली.

"बघितलंत?" यशवंत मान वळवून ओरडला. "विलायती प्लग!"

देवकीचं तिकडं ध्यानच नव्हतं. तिनं ओला हात लेकीच्या कपाळावरून फिरवला. फुलानं डोळे न उघडताच नाक आक्रसलं.

"आये, कसला गं घाण वास?"

देवकीला रडूच फुटलं.

"तीर्थाचा गं, बाई माझे," ती म्हणाली. "तीर्थाचा."