हळदीचा उंडा

“हळदीचा उंडा! सकाळ-संध्याकाळ एक. दुसरं काही नाही,” सासरे रंधा खाली ठेवून शिंपीणबाईंना सांगत होते. आवाज नेहमीपेक्षा मोठा होता. “आमच्या ठोकळ्याला बघा. खरजेचा मागमूस तरी राहिलाय का?”

ठोकळ्या कुत्रा भुश्शात लोळत होता. पाठीवर नवे केस आले होते. कोपऱ्यात कपाटाला पॉलिश मारणाऱ्या सुनेच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

सुतारकामाच्या या दुकानात ती सहा वर्षं पॉलिश करत होती. चकाकी तिची, आणि गिऱ्हाईक ‘वा’ म्हणालं की मिशीवर हात सासऱ्यांचा. तेही तिनं चालवून घेतलं. पण हे म्हणजे निव्वळ आयत्या बिळावर नागोबा!

तीन आठवड्यांपूर्वी ठोकळ्या रक्त येईस्तोवर खाजवत होता. तिनं प्राण्यांच्या डॉक्टरकडून गोळ्या आणल्या, तर सासरे दुकानाच्या दारात उभे राहून गरजले, “माझ्या कुत्र्याच्या पोटात दवाखान्याची गोळी जाणार नाही!” अख्ख्या गल्लीनं ऐकलं. आणि कुत्रंही असं हट्टी, की त्यांच्या हातून मिळाल्याशिवाय काही खात नसे. सासरे कणकेत हळद मळायचे, उंडा फळीवर ठेवायचे आणि हात धुवायला मागच्या नळावर जायचे. तेवढ्यात ती गोळी उंड्यात दाबून वरून कणीक सारखी करायची. उंडा कधी धड गोल नसे, मधोमध खड्डा पडलेला असे. म्हातारपणी हात कापतोय, दुसरं काय, असं ती मनात म्हणे. तिला ते बरंच पडे.

आणि कौतुक कुणाचं? हळदीचं.

आता शिंपीणबाईंच्या कडेवर त्यांची कुत्री होती. मानेवरची जखम चिघळलेली, तीन दिवस अन्नाला तोंड लावलेलं नाही. सासऱ्यांनी फडक्यात बांधलेले उंडे बाईंपुढे धरले. बाईंचे डोळे भरून आले.

सुनेनं पॉलिशचा बोळा फेकला आणि फडकं हिसकावून घेतलं.

“नका नेऊ! जीव जाईल तिचा. ठोकळ्या हळदीनं नाही बरा झाला. मी रोज गोळी घालत होते आत, यांच्या नकळत!”

करवतीवरचा कारागीर थांबला. शिंपीणबाई एकदा हिच्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघत राहिल्या. आता सासरे कडाडणार, म्हणून सून पदर खोचून उभी राहिली.

“झालं ओरडून?” सासरे म्हणाले. “फडकं सोड.”

तिनं गाठ सोडली. चार उंडे. चारही उंड्यांच्या मधोमध खड्डा, एकाच मापाचा, एकाच खोलीचा. कापणाऱ्या हाताला असे चार सारखे खड्डे पडत नाहीत. तिनं ठोकळ्यासाठी कनवटीला लपवलेली आजची गोळी काढली आणि एका खड्ड्यात ठेवली. चौकटीत बिजागरी बसावी तशी ती बसली.

“बाईंना आधी डॉक्टरकडे घेऊन जा, सूनबाई. गोळी कुठली ते तो सांगेल,” सासरे म्हणाले. “कधीची वाट बघतोय, तू बोलशील म्हणून.”

तिचा राग गेला नाही. उलट आणखी भडकला.

“म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं! आणि तीन आठवडे तोंडात मिठाची गुळणी धरून बसलात?”

सासऱ्यांनी रंधा उचलला. पात्याची धार अंगठ्यानं पाहिली. तिच्याकडे मात्र पाहिलं नाही.

“दारात उभा राहून नाही म्हणून बसलो होतो ना. साऱ्या गल्लीसमोर.”

“मग?”

“मग काय. खाच पाडून ठेवत गेलो.”